थोर कोण?

सॅन फ्रान्सिस्कोला आमच्या जावयांच्या घरी एक वाद कायम मुक्कामाला असतो: ‘फोर्टीनाइनर्स’ या फुटबॉल संघाचा सर्वांत थोर क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, कोण? जावई म्हणतात, ज्यो मोंटाना. ४ सुपर बोल जिंकले. त्यांत १२२ पास फेकले, पण एकही प्रतिपक्षानं झेलला नाही! त्यांचे धाकटे बंधू स्टीव्ह यंगचे भक्त. यंगनं ४ हंगाम मोंटानाच्या सावलीत काढले, आणि मग १९९५च्या एका सुपर बोलमध्ये ६ टचडाउन पास!

मी निवाडा देणार, तोच कळलं, जावई अमेरिकेत आले १९८९ साली, बंधू १९९४ साली. परक्या गावात एकट्याचा रविवार ज्यानं निभावून नेला, तोच थोर! हसू नका. मला विचाराल तर चंदू बोर्डे. १९५८ साली मी पुण्यात नवाच होतो ना!