शस्त्रक्रियेची नोंद : वहीपासून मोबाईलपर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांच्या पिढीतील शिक्षक शाळेचे जनरल रजिस्टर जिवापाड जपत असत. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण हे त्यात एकदा लिहिले की पन्नास वर्षांनीही त्यावरून दाखला देता येतो. निपाणीचा मुलगा शिकण्यासाठी कोल्हापूरला गेला तर दाखला त्याच्याबरोबर जातो. राज्य बदलले म्हणून तो अडत नाही. आजचा विषय रुग्णालयातील अशाच नोंदीचा आहे. मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया झाली. तिची नोंद कोणी केली, ती कोठे राहिली, आणि त्या माणसाचे पुढे काय झाले हे शस्त्रक्रिया करणाऱ्यास कळले काय? अस्थिशल्यचिकित्सेच्या इतिहासात हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे.

तो प्रथम आग्रहाने विचारणारा पुरुष म्हणजे अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन. विद्यार्थिदशेतच, १८९४-९५ च्या सुमारास, त्यांनी हार्वी कुशिंग यांच्यासह भूल दिलेल्या रुग्णाच्या नाडीचा व श्वासाचा तक्ता ठेवण्यास प्रारंभ केला होता. पुढे त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठरविले. त्यावर तक्रार, निदान, उपचार, गुंतागुंत आणि वर्षभरानंतरचा परिणाम लिहावयाचा. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या खासगी रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत आढळलेल्या १२३ चुका कॉडमन यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. समव्यवसायी मंडळींना हे रुचले नाही. १९१५ साली स्थानिक वैद्यकसंस्थेतील आपले अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. परंतु हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची सामायिक नोंदवही त्यांनीच पुढे उभी केली.

हा विचार युरोपात रुजला. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी ‘एओ’ हा गट स्थापन केला. हाड प्लेट व स्क्रूने कसे जोडावे हे शिकविताना त्यांनी एक शिस्तही घालून दिली. प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वीचे, नंतरचे आणि पुढील तपासणीचे क्ष-किरण चित्र दावोस येथील केंद्राकडे पाठवावयाचे. स्वीडनने १९७५ साली गुडघेरोपणाची आणि १९७९ साली खुबारोपणाची देशव्यापी नोंदवही सुरू केली. एका शल्यविशारदाच्या आयुष्यात जे ध्यानात येत नाही, ते हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की दिसू लागते, हे या नोंदवह्यांनी सिद्ध केले.

आता आपल्या भागाकडे वळू. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्या वैद्यकीय इतिहासात मिरजेचे स्थान मोठे आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे मिशन रुग्णालय उभारले. पुढे त्याच मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी अस्थिशल्यचिकित्सेचे अध्यापन केले आणि या विषयावरील अनेक खंडांच्या इंग्रजी पाठ्यग्रंथाचे संपादन केले. बेळगावात १९१६ साली स्थापन झालेल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयास १९६३ साली प्रारंभ झाला. अशा रीतीने उपचाराची सोय वाढली. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मध्ये आखलेली रेषा रुग्णाच्या कागदांना मात्र अवघड झाली.

पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीवरून, तवंदी घाटातून जातो. त्या रस्त्यावर मांडीचे हाड मोडलेल्या माणसाची कल्पना करावी. पहिली पट्टी निपाणीत बांधली जाते. नातेवाईक जवळ म्हणून कोल्हापूरला नेतात, कोणी मिरजेला, तर कोणी बेळगावला. घरची भाषा मराठी, सरकारी कागद कानडी, केसपेपर इंग्रजी. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतल्यापासून खर्चाची व्यवस्थाही दोन राज्यांत विभागली आहे. सहा महिन्यांनी तोच माणूस दुखणाऱ्या पायाने घराजवळच्या डॉक्टरकडे जातो, तेव्हा आत कोणत्या मापाची सळई आहे, ती कोणी व केव्हा घातली, जखम चिघळली होती काय, हे सांगणारा कागद बहुधा त्याच्या हाती नसतो.

नोंद नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे एका प्रकरणाने देशाला दाखवून दिले. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा धातूच्या वाटीत धातूचा गोळा अशा घडणीचा होता. पाच वर्षांच्या आत त्यांपैकी शेकडा बारा-तेरा खुबे पुन्हा शस्त्रक्रिया करून बदलावे लागतात, हे इंग्लंडच्या राष्ट्रीय नोंदवहीत उघड झाले. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीनेही तसाच इशारा दिला होता. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला. २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने समिती नेमली. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा खुबा बसविला गेला होता. त्यांपैकी सुमारे १,०८० रुग्णांचाच माग लागला. उरलेल्यांच्या शरीरात तो खुबा होता, पण तो सदोष आहे हे त्यांना कळविण्यास पत्ता नव्हता. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे आणि मागितल्यास बहात्तर तासांत देण्याचे बंधन घातले. कृत्रिम सांधा मात्र पंधरा-वीस वर्षे शरीरात राहतो. खुबा व गुडघा यांच्या भारतीय शल्यविशारदांच्या संघटनेने स्वेच्छेने नोंदवही चालविली आणि २०१३ च्या प्राथमिक अहवालात चौतीस हजारांहून अधिक गुडघेरोपणांची नोंद दिली. हे काम मोलाचे आहे; तथापि स्वेच्छेच्या वहीत प्रत्येक रुग्ण येतोच असे नाही.

येथे मोबाईलचा विचार येतो. शस्त्रक्रिया संपताच प्लेटच्या किंवा सांध्याच्या वेष्टनावरील चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. तिच्यावर कंपनी, माप आणि उत्पादनक्रमांक असतो. उजवा पाय की डावा, निदान काय, तारीख कोणती, हे दोन मिनिटांत भरता येते. क्ष-किरण चित्राला भाषांतर लागत नाही. अमेरिकेतील ‘साइन’ ही संस्था १९९९ पासून गरीब देशांतील रुग्णालयांना मोडलेल्या लांब हाडांसाठी सळया विनामूल्य देते आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद क्ष-किरण चित्रांसह आपल्या संगणकीय वहीत मागते. पुढील तपासणीत रुग्णाने उकिडवे बसून हसावे आणि त्याचे छायाचित्र पाठवावे, अशी तिची साधी परीक्षा आहे. शेतात खुरपणाऱ्या किंवा विडी वळण्यास जमिनीवर बसणाऱ्या माणसाला पाय बरा झाला म्हणजे काय, हे या छायाचित्राइतके क्वचितच दुसरे काही सांगेल. त्यासाठी साधा मोबाईल पुरतो.

तथापि यंत्रावर सारी भिस्त ठेवू नये, हा धडा खुद्द बेळगाव जिल्ह्याने दिला आहे. तो प्रसूतिशास्त्रातील असला तरी येथे लागू पडतो. बाळंतपणातील रक्तस्राव नुसत्या नजरेने अजमावला तर सुमारे एक तृतीयांश कमी भरतो, हे बेळगावच्या संशोधकांनी रेघा आखलेली प्लास्टिकची पिशवी वापरून दाखविले. त्याच मोजमापाच्या आधारे १,६२० स्त्रियांच्या अभ्यासात सिद्ध झाले की मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर येते. २००६ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. गावोगावच्या परिचारिकांनी प्रामाणिकपणे केलेली नोंद जगाच्या उपयोगी पडली. पुढे २०१४ ते २०१६ या काळात बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या आणि परिचारिकांच्या हाती गरोदरपणातील रक्तदाबाचा धोका ओळखणारे मोबाईलवरील साधन देण्यात आले. अनेक देशांतील त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यू व गंभीर आजार यांत अपेक्षित घट आढळली नाही. माहिती टिपली गेली, परंतु टिपलेल्या माहितीनंतर रुग्णालय, वाहन आणि डॉक्टर वेळेवर मिळणे हे वेगळेच काम आहे.

म्हणून अस्थिशल्यचिकित्सेतील मोबाईलकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवावी. पहिली, नोंदीची प्रत रुग्णाच्या हाती असावी. २०२१ साली केंद्राने आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू केले. त्यातील आरोग्य क्रमांकाचा हेतू हाच आहे. दुसरी, रुग्णाची संमती आणि गुप्तता. डॉक्टरांच्या खासगी व्हॉट्सॲपवर फिरणारे चित्र म्हणजे नोंद नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाही संमत केला आहे. तिसरी आणि कठीण अपेक्षा कॉडमन यांची : वर्षभरानंतर रुग्णाला बोलावून परिणाम लिहावा, आणि तो वाईट असला तरी लिहावा.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल; मोडलेले हाड तोवर थांबत नाही. बेळगाव, कोल्हापूर, मिरज आणि निपाणी येथील रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंद ठेवण्याचे ठरविले तर त्यासाठी कोणत्याही राज्याची हद्द बदलावी लागणार नाही. या शाळेचे काही विद्यार्थी आज या गावांतून वैद्यक व्यवसाय करीत असतील, काही संगणकाच्या क्षेत्रात असतील. दाखल्याची किंमत त्यांना याच शाळेने शिकविली आहे. रुग्णालाही तसाच दाखला मिळवून देण्याचे काम त्यांनी हाती घ्यावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.