नागभीडची छोटी लाइन आणि कृष्णधवल छायाचित्रे

ओसाड रेल्वेमार्गाचे कृष्णधवल छायाचित्र म्हटले की डोळ्यांपुढे वाळवंट उभे राहते. अमेरिकेतील यूटामध्ये, प्रोमोंटरी येथे, १० मे १८६९ रोजी पूर्व-पश्चिमेचे रूळ जुळले आणि अँड्र्यू रसेल यांनी तो प्रसंग काचेवर टिपला. १९०४ साली सरोवरावरून जवळचा मार्ग निघाला; १९४२ मध्ये महायुद्धासाठी तेथील रूळही उखडून नेले. तरीही भराव आणि खोदलेल्या खिंडी आज स्पष्ट ओळखू येतात. कोरड्या हवेने त्या राखल्या.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात हे घडत नाही.

बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ च्या सुमारास अडीच फुटी रूळ नागभीडला आणले, एक मार्ग गोंदियाहून, दुसरा नागपूरहून. १९१३ पर्यंत गाडी चांदा फोर्टला पोचली. गोंदिया-चांदा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाला. नागपूर-नागभीड ही शंभरएक किलोमीटरची छोटी लाइन मात्र उमरेड, भिवापूर करत नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावत राहिली आणि मग रुंदीकरणासाठी बंद झाली.

बंद मार्गावर इथे एका पावसाळ्यात गवत माजते. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत झुडपे रूळ झाकून टाकतात. त्यात जुन्या मार्गाच्याच जागी नवा मार्ग येणार असेल, तर मूळ भरावही उरत नाही. नागपुरात मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे आणि ते पाहण्याजोगे आहे. पण तिथे इंजिन ठेवता येते. पानगळ झालेल्या सागांमधून वळत गेलेला रूळ किंवा शेताच्या कडेचे एकाकी स्थानक ठेवता येत नाही. त्यासाठी छायाचित्रच हवे.

जुनी चित्रे वाचताना एक सावधगिरी. त्या काळच्या सर्वसाधारण काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, सर्रास वापरात यायला आणखी काळ गेला. त्यामुळे पांढरेफटक आकाश दिसले म्हणून ‘हा उन्हाळा’ असे ठरवू नये. ढग काचेने गिळलेले असू शकतात. तांबडा मुरूम आणि गंजही प्रत्यक्षाहून काळे उतरतात. ऋतू ओळखायचा तर झाडांची पाने आणि ओढ्यातले पाणी पाहावे.

इंजिनांची चित्रे हौशी मंडळींनी जपली आहेत. गाडी निघून गेल्यानंतरच्या रिकाम्या मार्गाकडे कॅमेरा क्वचितच वळला. लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला ज्या फलाटावरून माणसे गेली, त्याचे चित्र असलेच तर एखाद्या घरगुती अल्बमात, कोणाच्या तरी पाठीमागे असेल. सापडल्यास मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने स्थानकाचे नाव, वर्ष आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते ते लिहून ठेवावे. शाई मात्र वापरू नये. ती पुढे उमटते.