वाऱ्याची सावली आणि पुढच्याचा बंपर

मालवणच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या आता अभावानेच दिसतात. यंत्राने त्यांची हकालपट्टी केल्याला बरीच वर्षे लोटली. पण ज्याने शीड हाताळले आहे त्याला हे सांगावे लागत नाही की, वाऱ्याच्या बाजूने मागून येणारी होडी पुढच्या होडीचा वारा अडवते. पुढची मंदावते, मागची निघून जाते. मोटारींच्या शर्यतीतील 'ड्राफ्टिंग' हे याच विद्येचे धाकटे भावंड. सिंधुदुर्गात मोटारशर्यतीचा मार्ग नाही, आणि या खेळाचा इतिहास आम्ही समुद्राकडून सुरू करावा हे काहींना विचित्र वाटेल. मात्र सर्वांना एकसारखे वाहन देऊन फक्त चालवणाऱ्याचे कसब तपासावे, ही कल्पनाच मुळात समुद्रावरची आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ १८८७ साली 'वॉटर वॅग' नावाच्या एकाच आराखड्याच्या होड्यांचा वर्ग निघाला. ज्याची थैली मोठी त्याची होडी वेगवान, या प्रकाराला कंटाळलेल्या हौशी मंडळींची ती युक्ती होती.

मोटारींपर्यंत ही युक्ती पोचायला पाऊणशे वर्षे लागली. अमेरिकेत १९६३ साली फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग वापरून 'फॉर्म्युला व्ही' हा वर्ग मान्य झाला, इंग्लंडमध्ये १९६७ साली 'फॉर्म्युला फोर्ड' आला. आपल्याकडे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे ७९६ सीसीचे इंजिन बसवून एकआसनी गाड्या घडवल्या. १९९५ साली हवाई अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कोइमतूरचा 'करी मोटर स्पीडवे' त्यांच्याच नावाचा आहे. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हाही आरंभी फॉर्म्युला मारुतीच चालवत होता.

आता गंमत अशी की, गाड्या समान केल्या की हवेचे महत्त्व एकदम वाढते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी शक्ती आठपट. इंजिन लहान आणि सर्वांचे सारखे, तेव्हा ही शक्ती आणायची कोठून? पुढच्या गाडीने फोडलेल्या हवेतून. ज्युनियर जॉन्सन याने १९६० सालची डेटोनाची शर्यत याच जोरावर जिंकली. त्याची शेव्हरोले पॉन्टियाकांपुढे मंद होती. त्यांच्या पाठीशी चिकटून राहिल्यास आपण मागे पडत नाही, हे त्याला सरावात उमगले. होडीच्या आणि मोटारीच्या न्यायात येथे एक मोठा भेद आहे. होडीत मागचा पुढच्याचे लुटतो. मोटारीत मागच्याला पुष्कळ मिळते आणि पुढच्यालाही थोडे मिळते, कारण त्याच्या पाठीमागची ओढणारी पोकळी भरली जाते. दोघे मिळून एकट्यापेक्षा वेगाने जातात. शत्रूशी भागीदारी केल्यावाचून शर्यत जिंकता येत नाही, असा हा चमत्कारिक खेळ आहे.

भागीदारी इतकी जवळची झाली की स्पर्श होणारच. सरळ मार्गावर मागच्या बंपरला हलकेच टेकून ढकलले तर दोघांचाही वेग वाढतो. तोच स्पर्श वळणावर, पुढच्याने ब्रेक लावलेला असताना झाला, तर पुढची गाडी गिरकी घेते. उघड्या चाकांच्या गाडीत तर चाकावर चाक चढून गाडी हवेतच उडते. ११ जून १९५५ रोजी ल मॉन्स येथे लव्हेची मर्सिडीज पुढच्या ऑस्टिन-हीलीच्या मागच्या भागावर चढली आणि प्रेक्षकांत कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदीच घातली.

आमच्या मुलुखातल्या बैलगाड्यांनीही हा प्रश्न सोडवून पाहिलेला आहे. पुणे भागातील घाटात एका वेळी एकच बारी पळते. झुंज घड्याळाशी, त्यामुळे धक्क्याचा प्रश्नच नाही. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम सुटतात, आणि तेथे शेजाऱ्याची वाट सोडण्या-न सोडण्यावरून होणारे तंटे ऐकण्यासारखे असतात. आम्हांस दुसरी पद्धत अधिक खरी शर्यत वाटते, हे कबूल करतो, तंट्यासकट.

फोंडा घाट चढून कोल्हापुरास गेले की मात्र मोहित्यांचा कार्टिंगचा मार्ग लागतो. तेथे रोटॅक्स वर्गाच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत : इंजिन १२५ सीसी, सर्वांचे सारखे आणि मोहोरबंद. कार्टिंगमध्ये ढकलाढकलीने असा कळस गाठला की २०१५ साली आंतरराष्ट्रीय नियमकर्त्यांनी पुढचा बंपरच ढिला करून टाकला. धक्का दिला की तो आपोआप मागे सरकतो, आणि शर्यत संपल्यावर तो सरकलेला आढळला की वेळेचा दंड. तोवर पंच हेतू शोधत असत : मुद्दाम मारले की चुकून लागले? लिखित आचारसंहितेत बचावासाठी एकदाच दिशा बदलावी, मूळ रेषेवर परतताना कडेला एका गाडीची जागा सोडावी, असे मोजता येणारे नियम आहेत. मन मोजणारा एकही नाही. ढिल्या बंपरने मनाचा प्रश्न निकालात काढला.

पण त्यामुळे न्याय झाला काय? तिसऱ्याने दुसऱ्याला मागून ढकलले आणि दुसरा पहिल्यावर आदळला, तर बंपर दुसऱ्याचाही सरकतो. शिवाय धूर्त पहिला वळणाआधी किंचित लवकर ब्रेक लावतो. मागच्याचा बंपर सरकतो, दंड मागच्याला. नियम आल्यावर धक्के कमी झाले, हे खरेच. परंतु धक्का देण्याच्या कौशल्याच्या जागी धक्का खाण्याचे कौशल्य आले. व्यावसायिक संघाला हे परवडते. हौशी चालकाला मात्र वाकलेला सांगाडा स्वतःच्या खर्चाने सरळ करून घ्यावा लागतो, आणि पुढच्या फेरीत त्याच माणसाच्या बंपरमागे, हातभर अंतरावर, वाऱ्याच्या सावलीत जाऊन बसावे लागते.