तीस शिलिंग कोणाचे?

पत्नीच्या धनाला पतीने हात केव्हा लावावा, या प्रश्नाचा आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने विचार केला आहे. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास असे चार प्रसंग याज्ञवल्क्याने सांगितले. अशा वेळी घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन पतीवर नाही. एरवी ते तिचे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या छायेत वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा भेद अधिकच जाणवतो. येथे विवाहाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होत असे खरे, पण तिचा कारभार मात्र परंपरेने पतीच्याच हाती राहत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी हाच जुना प्रश्न इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे एका अगदी नव्या वेषात येऊन उभा राहिला. प्रश्न होता तीस शिलिंगांचा.

त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. आजारपणाचा सक्तीचा विमा प्रथम जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आणला. विमा उतरलेल्या कामकरी स्त्रीला बाळंतपणानंतर तीन आठवडे भत्ता देण्याची तरतूद त्यातच होती. इंग्लंडचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज १९०८ मध्ये जर्मनीत जाऊन ही व्यवस्था पाहून आले आणि १९११ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा संमत करून घेतला. मजुराने आठवड्याला चार पेन्स भरावेत, मालकाने तीन आणि सरकारने दोन घालावेत. चार पेन्स देऊन नऊ मिळवा, अशी त्याची जाहिरात झाली. आजारी पडल्यास मजुराला डॉक्टर आणि भत्ता मिळू लागला. त्याच्या बायकोला मात्र डॉक्टर नव्हता. जिचे दुखणे सर्वांत जास्त, तीच विम्याच्या उंबरठ्याबाहेर! तिच्या वाट्याला आले ते एवढेच: विमेदार मजुराच्या घरी मूल जन्मले की तीस शिलिंग. सामान्य मजुराच्या एका आठवड्याच्या मजुरीहून ही रक्कम अधिक होती. क्षुद्र म्हणून हसण्याजोगी नव्हे.

पण ती कायद्याने कोणाची? मूळ कायद्यात हा नवऱ्याचा लाभ मानला होता. विमा त्याच्या नावाचा, वर्गणी त्याच्या मजुरीतून गेलेली, तेव्हा पैसेही त्याचेच, हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनाला थोडी टोचणी असावी. कारण नवऱ्याने त्या काळात पत्नीच्या पोषणाची व शुश्रूषेची योग्य व्यवस्था करावी, न केल्यास त्यास शिक्षा व्हावी, असेही कलम त्यांनी घातले. वकील म्हणून या कलमाचे मला नवल वाटते. चार दिवसांची बाळंतीण अंथरुणावरून उठून नवऱ्यावर फिर्याद गुदरणार कशी, याचा विचार मसुदा लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

हा विचार स्त्रियांनीच केला. सहकारी भांडारांच्या चळवळीतील कामकरी कुटुंबांतल्या गृहिणींची ‘विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड’ नावाची संस्था १८८३ पासून काम करीत होती. मार्गारेट लेव्हेलिन डेव्हिस या तिच्या चिटणीस. हा भत्ता कायद्यात यावा म्हणून या संस्थेने खटपट केली होतीच. आता तो आईच्याच मालकीचा ठरावा म्हणून तिने मोहीम उभारली. विरोध कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. केवळ सनातनी उमराव नव्हे, तर मजूर पक्षातल्याही काही सभासदांना ही सूचना कष्टकरी नवऱ्याच्या इभ्रतीवरील डाग वाटली. सरसकट सारे नवरे दारूत पैसे उडवतात असे थोडेच आहे? प्रश्न अगदी रास्त. पण कायद्यातले हक्क सज्जन नवऱ्यांच्या भरवशावर ठरवायचे नसतात. १९१३ च्या दुरुस्तीने भत्ता आईचा ठरला. तिने अधिकार दिल्याखेरीज नवऱ्याच्या पावतीवर तो चुकता होईना.

पुढे १९१५ मध्ये या संस्थेने सभासद स्त्रियांची १६० पत्रे पुस्तकरूपाने छापली. त्यांत आलेली हकिकत साधीच आहे. बाळंतपणाच्या खर्चासाठी गरोदर बाई महिनोन्महिने आपल्याच ताटातले काढून पैसा बाजूला टाकी. नवऱ्याला आणि मुलांना आधी वाढायचे, उरेल ते आपण, ही रीत आपल्याकडील कोणत्या घराला अपरिचित आहे? पोटातल्या मुलाच्या वाट्याचे अन्न विकून त्याच्या जन्माची तरतूद करण्याचा हा प्रकार. तीस शिलिंगांनी तो संपूर्ण थांबला नाही. कारण बरीचशी रक्कम डॉक्टर किंवा सुईण यांच्या हाती जाई. तरी कर्ज न काढता सुईण बोलावता येणे ही लहान गोष्ट नव्हती.

येथे मात्र इतिहासकाराने सावध राहावे. विमा आला आणि माता वाचू लागल्या, असे सरळ गणित मांडता येत नाही. अर्भकमृत्यू शतकाच्या आरंभापासूनच घटू लागले होते. त्यात स्वच्छ दुधाचा आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेचा वाटा मोठा. आणि मातामृत्यू? ते हजार प्रसूतींमागे चारांच्या आसपास वर्षानुवर्षे जागचे हलले नाहीत. विमा येऊन वीस वर्षे लोटली तरी तीच स्थिती. १९३० ते १९३२ च्या आकड्यांत तर सुखवस्तू वर्गातील बाळंतिणींचे मृत्यू मजुरांच्या बायकांहून अधिक आढळले. सधन घरी डॉक्टर येई, उतावीळपणे चिमटा लावी आणि हातांबरोबर रोगही आणी. सूतिकाज्वराचे मूळ वैद्याच्या हातांत आहे, असे व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्येच दाखवले होते! पैसा सुईणीला दारापर्यंत आणू शकतो. तिचे हात स्वच्छ आहेत की नाहीत, हे त्याला ठरवता येत नाही.

तो आकडा खाली आला १९३५ नंतर. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रॉन्टोसिल हे नवे औषध सूतिकाज्वरावर वापरून १९३६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कायद्याने पगारी सुईणींची व्यवस्था स्थानिक संस्थांवर सोपवली. पुढे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि विमेदाराची बायको डॉक्टरकडे स्वतःच्या हक्काने जाऊ लागली.

आपल्याकडे हा विषय मुंबईच्या गिरण्यांतून आला. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक पडले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी अशाच विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. १९२९ चा कायदा झाला तो मात्र एकट्या मालकावर भार टाकणारा. ज्याला बाळंतिणीमागे पैसे मोजायचे आहेत, तो बाईला कामावर ठेवताना दोनदा विचार करील, हे सांगायला अर्थशास्त्री नको. सामाईक वर्गणीच्या विम्याने ही अडचण टळते. ते तत्त्व आपल्याकडे १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने आले, पण तेही नोकरदार स्त्रीपुरतेच.

शेतात राबणाऱ्या आणि घरी राहणाऱ्या आईपर्यंत सरकारी मदत फार उशिरा पोहोचली. २०१७ पासून चालू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये ठरले. ते जमा होतात आईच्याच नावाच्या बँक खात्यात. त्या खात्याचे पुस्तक घरात कोणाच्या कपाटात असते, हे मात्र कोणत्याच अर्जात विचारलेले नाही.