कुसू आणि खाच : मापांच्या नात्याचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले व जगन्नाथ टेकडीवरील बौद्ध स्तूप उजेडात आला. इसवी सनापूर्वीच्या शतकांतील त्याच्या दगडी कठड्याची चर्चा बहुधा शिल्पांच्या आणि दानलेखांच्या अंगाने होते. आम्हांला येथे त्याच्या सांध्यांचा विचार करावयाचा आहे. कारण संगणकावर फर्निचर आरेखणाऱ्यांपुढील आजचा एक प्रश्न त्या सांध्यांत आधीच उभा आहे.

असे कठडे म्हणजे दगडातले सुतारकामच. उभा खांब, त्याच्या खाचेत शिरणारी आडवी 'सूची' आणि माथ्यावरून सर्वांना बांधणारा 'उष्णीष' हे त्याचे घटक. खांबाच्या माथ्यावरील कुसू उष्णीषाच्या खाचेत बसते. खाच बदलली की तिच्यात बसणारे टोक बदललेच पाहिजे. येथे प्रत्येक भाग आपले माप शेजाऱ्याला विचारतो.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने दुसरी रीत नोंदविली आहे. 'बृहत्संहिते'तील शय्या-आसनांच्या अध्यायात राजाच्या शय्येची लांबी १०० अंगुळे, राजपुत्राच्या शय्येची ९०. रुंदी लांबीच्या निम्म्याहून अष्टमांशाने कमी आणि पायांची उंची लांबीच्या एकतृतीयांश. येथे भाग एकमेकांना काही विचारत नाहीत. सारे एकाच मूळ मापाला विचारतात.

संगणकीय आरेखनात नात्यांची ही कल्पना आयव्हन सदरलँड यांच्या 'स्केचपॅड'ने १९६३ मध्ये आणली. १९८८ मधील 'प्रो/इंजिनिअर'मुळे ती कारखान्यांत रुळली. मेजाच्या पायाची जाडी वाढविताच आडव्या पट्टीचे कुसू आपोआप जुळावे, ही तिची अपेक्षा. पट्टी थेट पायाच्या पृष्ठाला बांधणे, ही कठड्याची रीत, सोपी खरी. पण पाय नव्याने घडविला आणि प्रणालीने पृष्ठांचे क्रमांक बदलले, की पट्टीचा आधार सुटतो किंवा ती भलत्याच पृष्ठाला चिकटते. 'फ्रीकॅड'मध्ये हा दोष कुप्रसिद्ध होता. नोव्हेंबर २०२४ मधील १.० आवृत्तीने तो बराच सौम्य केला. पाय पट्टीला आणि पट्टी पायाला विचारू लागली, तर आरेखन चक्रात अडकते. म्हणून जाणते आरेखक मापांची एक सारणी करतात आणि सर्व भाग तिच्याशी जोडतात. वराहमिहिराची रीत ती हीच.

साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद परका वाटू नये. नकलेवरून नक्कल होत गेलेल्या पोथ्यांत एक चूक पुढे किती पसरते, हे पाठचिकित्सा शिकविते.

जुन्या वस्तूंच्या नोंदींत आपण लांबी, रुंदी, उंची लिहितो. कोणते माप कोणावर अवलंबून होते, हे लिहीत नाही. आमच्या मते सुताराचे खरे ज्ञान त्या न लिहिलेल्या स्तंभात असते. आकडे पुन्हा मोजता येतात. वस्तू मोडल्यावर आणि घडविणारा गेल्यावर नाते मात्र कोणाला विचारणार?