कामगाराचे कोपर



हिंदुस्थानच्या कायद्यात कामगाराच्या कोपराची किंमत प्रथम ठरली ती १९२३ साली. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर दिले होते. उजवा हात कोपरात किंवा त्याच्या वर तुटला तर कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे धरावयाचे, डावा तुटला तर ६०; कोपराखाली तुटला तर अनुक्रमे ६० आणि ५०. डावखुऱ्या कामगाराचा विचार कोणी केलेला दिसत नाही. पुढे उजव्या-डाव्याचा भेद गेला आणि फूटपट्टी आली. कोपराच्या टोकाखाली साडेचार इंच हात उरला तर ६० टक्के, त्याहून कमी उरला तर ७०. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मोजणी उतरली, इंचांचे सेंटिमीटर झाले इतकेच.

तुटलेल्या हाताचा हिशेब झाला. पण हात शाबूत आहे आणि वळत मात्र नाही, त्याचे काय?

कोपर हा फार रुसवा धरणारा सांधा आहे. तीन हाडे तेथे एकत्र येतात. हात मुडपणे आणि तळवा पालथा-उताणा करणे ही दोन्ही कामे तेथूनच होतात. प्लास्टरमध्ये जास्त दिवस राहिले की ते आखडते. मग घाईने कोणी जोरजोराने मालिश करतो, हात ओढून सरळ करू पाहतो, आणि स्नायूतच हाड धरू लागते. हाडवैद्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण व्यायाम शिकवणारा जवळपास नसेल तर माणसाने जावे कोठे? उपाय संथ आहे: रोग्याने स्वतःच्या बळाने, रोज थोडे थोडे हलवणे.

हे ज्ञान महायुद्धातल्या जखमींनी जगाला दिले. लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील लष्करी इस्पितळात रॉबर्ट जोन्स यांनी उपचार म्हणून कारखानाच उभा केला. सैनिक तेथे हत्यारे चालवून सांधे मोकळे करीत. आपल्याकडे जायबंदी शिपायांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल १९१७ साली मुंबईत निघाले, ते पुढे खडकीस गेले. गिरणीतल्या जायबंदीला मात्र वाट पाहावी लागली. राज्य विमा कायदा १९४८चा, योजना सुरू झाली १९५२त, तीही कानपूर-दिल्लीस. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ची.

१९८१ साली अमेरिकेतील मॉरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखविले की रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत वळले तर पुरते. डॉक्टर आजही हा आकडा सांगतात. पण मोजली होती ती कामे म्हणजे पेला तोंडाशी नेणे, टेलिफोन धरणे, दार उघडणे. सातपूरच्या प्रेसवरची पाळी त्यांत नव्हती. जेवता येते म्हणून 'फिट'चा दाखला मिळालेले आणि आठवड्यात मशीनवरून उतरलेले कामगार मी पाहिले आहेत. व्यायामाला सकाळी जावे तर पाळी बुडते. तेव्हा 'व्यायाम करा' हा सल्ला म्हणजे कोपराला लावलेला गूळ!

सर्वोच्च न्यायालयाने १९७५च्या डिसेंबरात एक निर्णय दिला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. ओरिसातील एक सुतार १९६८ साली सिनेमागृहाच्या कामावर पडला. त्याचा डावा हात कोपरावर कापावा लागला. हे अंशतःच अपंगत्व, असे मालकाचे म्हणणे. न्यायालय म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही. सबब भरपाई पूर्ण अपंगत्वाची. म्हणजे मोजायचे ते काम, नुसता हात नव्हे.

आखडलेल्या कोपराचे नाव परिशिष्टात नाही. तेथे डॉक्टर ठरवील तो टक्का. म्हणून हल्ली आम्ही अर्जाबरोबर कामाचे वर्णन जोडतो: दांडा किती उंचीवर आहे, किती वजन ओढायचे, एका पाळीत हात किती वेळा वर जातो.