काचेतून उन्हात

बीडला एप्रिलमधे दुपारी पारा सहज चाळिशी ओलांडतो. पुण्यातल्या फ्लॅटच्या कोपऱ्यात वाढलेली कुंडी गाडीत घालून तिथल्या अंगणात नेऊन ठेवा, दोन दिवसांत पानांवर पांढरट चट्टे उठतात. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडलं असेल," आणि तांब्याभर पाणी ओततं. पाण्याचा दोष त्यात थोडाच असतो. ह्याच घोळात एकेकाळी इंग्रज सरकारही सापडलं होतं, आणि तेव्हा प्रश्न शोभेच्या झाडाचा नव्हता, हिवतापाच्या औषधाचा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. गलबताच्या डेकवर ठेवलेली रोपं खारं पाणी आणि तहान ह्यांनी वाटेतच मरायची. १८२९ साली लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्डने एका पतंगाचा कोष बंद बाटलीत मातीत ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून नेचं आणि गवत उगवलं! पानांतून उडालेली वाफ काचेवर जमून परत मातीत जात होती. त्यातून वॉर्डची काचपेटी झाली. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपं सिडनीला जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिमालयात आणला तोही अशाच पेट्यांतून.

मग १८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम पेरूमधून सिंकोनाची रोपं घेऊन निघाला. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन निघतं. इंग्लंड, इजिप्त, तांबडा समुद्र, मुंबई आणि तिथून उटी असा प्रवास. थंड डोंगरातली ही रोपं तांबड्या समुद्राच्या उकाड्यात काचेमागे अक्षरशः शिजली आणि जवळजवळ सगळी गेली. खाऱ्या पाण्यापासून वाचवणारी काच उन्हात भट्टी होते. रिचर्ड स्प्रूसने इक्वेडोरमधे मिळवलेली रोपं मात्र १८६१ साली उटीला जिवंत पोचली.

पोचल्यावर दुसराच वाद. जावात डच लोकांनी सिंकोना दाट जंगलाच्या सावलीत लावला होता आणि तो किडकिडीत वाढला. उटीच्या मॅकआयव्हरने उघड्यावर लावला आणि तो जोमाने आला. (महाबळेश्वरला लिंगमळ्यातही प्रयोग झाला. तो फसला.) फार जपलेलं झाडही वाया जातं तर.

आता बीडच्या सीताफळाकडे बघा. तेही मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांबरोबर आलं असं मानतात. आज बालाघाटच्या खडकाळ उतारांवर ते कुणी न लावताही उगवतं, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. ह्याला नाही लागली काचपेटी! बी जिथे रुजतं तिथल्या उन्हाच्या हिशोबानेच त्याचं पहिलं पान बनतं.

गोम इथेच आहे. सावलीत तयार झालेलं पान पातळ, मोठं, मेणाचा थर कमी असलेलं. ते फारसं बदलत नाही. "झाडाला उन्हाची सवय लागते" असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा उन्हाला लायक नवीन पानं येतात आणि जुनी निवृत्त होतात. आपण द्यायचा असतो तो मधला वेळ. (आम्ही नाही का, कोड आधी स्टेजिंगवर ठेवतो, थेट प्रॉडक्शनला नाही.)

म्हणून कुंडी बीडला न्यायचीच तर ढगाळ जुलै-ऑगस्टमधे न्या. आठवडाभर लिंबाखाली किंवा हिरव्या जाळीखाली, मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, आणि रोज थोडं वाढवत दोन-तीन आठवडे. उन्हाळ्यात दुपारचं ऊन तर कुठल्याच नव्या पाहुण्याला नको. आणि कुंडी परत घरात आणलीत की फायकससारखी झाडं पानं गाळतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. कमी उजेडात झाड पाणी कमी पितं, आणि जास्तीच्या पाण्याने मुळं कुजतात.